आठ किलो

रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रातून फोन आला तेव्हा सोमवारची दुपार कलत होती. काट्यावर बसणारा मुलगा बोलत होता. "मॅडम, आमच्याकडे २०४ भरतंय. तुमच्या मॅनिफेस्टवर २१२ आहे. काय लिहू?"

एप्रिल २०१८ मधली गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात मी पर्यावरण आणि सुरक्षेचं काम बघत होते. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबायचे, घासायचे, रंगवायचे, हा आमचा उद्योग. ज्या मालाच्या वजनाबद्दल तो विचारत होता तो माल म्हणजे चिंध्या. तेलाने, ग्रीसने, थिनरने भिजलेल्या, वापरून टाकलेल्या. त्यांना किंमत नव्हतीच, उलट त्या नेऊन जाळण्याचे पैसे किलोमागे आम्हीच भरत होतो. आठ किलो कमी भरल्याने कुणाचं काही बुडत नव्हतं. "तुमच्या काट्यावर दिसतंय तेच लिहा," असं सांगून मी फोन ठेवला. दोन काटे कधी सारखे नसतात, अशी स्वतःची समजूतही घातली.

चिंधी म्हटलं की बाहेरच्या माणसाला घरातली जुनी साडी आठवते. कारखान्यात तिला कॉटन वेस्ट म्हणतात, नाहीतर नुसतं ‘बनियन’. होजिअरीच्या कारखान्यांत कापून उरलेले तुकडे गाठोड्यांनी येतात. आल्यावर पांढरेशुभ्र असतात आणि हाताला मऊ लागतात. प्रेस शॉपमध्ये त्यांनी डायवरचं तेल पुसतात, मेंटेनन्सवाले बेअरिंगचं ग्रीस. पेंट शॉपमध्ये रंग मारण्याआधी पत्र्यावरून थिनरचा बोळा फिरतो, आणि पाळी संपताना गन धुवायलाही तोच बोळा. संध्याकाळी तिन्हीकडच्या चिंध्या सारख्याच काळ्या दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही, नाकाला कळतो. आमच्याकडे त्या तिन्ही ठिकाणच्या चिंध्या एकाच शेडमध्ये, एकाच तऱ्हेच्या गोण्यांत भरल्या जात. त्या शेडची किल्ली माझ्याकडे होती.

घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम मला जवळजवळ पाठ होते. पहिल्या अनुसूचीत ३३.१ वर रसायनांची रिकामी पिंपं येतात आणि लगेच खाली ३३.२ वर या चिंध्या. कारखान्यात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. भरलेल्या प्रत्येक पिंपावर किंवा गोणीवर चमकत्या पिवळ्या रंगाचं, पाण्याने न धुपणारं लेबल हवं आणि त्यावर ‘घातक कचरा’ ही अक्षरं लाल रंगात, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. गाडीसोबत फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, सात प्रतींचा, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी आम्ही राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी माल घेणाऱ्याची, नारिंगी वाहतूकदाराची, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला. करडी फक्त परराज्यातला माल असला तर लागते. आणि निळी आपल्याकडे परत येते.

त्या निळ्या प्रतीवर माझा फार जीव होता. ती आली की माल पोचला, वाटेत कुठल्या ओढ्यात रिकामा झाला नाही, याची खात्री पटायची. फाइलमध्ये पिवळीच्या पाठीला निळी लावली की त्या खेपेपुरतं माझं काम संपलं असं मी धरून चालत असे. त्या आठवड्यात निळी आली. तिच्यावर २०४ होतं, पिवळीवर २१२. दोन्ही एकत्र टाचताना हात थांबला.

काट्यांचा फरक म्हणावा तर आमच्या त्याच काट्यावर मोजलेला रंगाचा गाळ त्याच गाडीतून गेला होता आणि त्याचं वजन दोन्हीकडे अगदी बरोबर जुळत होतं. मग चिंध्याच का घटल्या? मी जुन्या फाइली काढल्या. थंडीतल्या खेपांमध्ये फरक किलोभराच्या आतला होता. मार्चपासून तो वाढत गेलेला. तोवर एवढे आकडे मी माझ्याच हाताने टाचले होते, पण शेजारीशेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेंट शॉपमधली ताजी भरलेली एक गोणी मी शेडमध्ये काट्यावरच ठेवली. तोंड सुतळीने शिवलेलं होतं, जसं नेहमी असायचं. पहिल्या दिवशी १०.४ किलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ९.५. शेजारी प्रेस शॉपच्या चिंध्यांची गोणी ठेवली होती. ती तसूभरही हलली नाही. तेल जागचं हलत नाही, थिनर उडतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला हे कळायला काटा लागावा, याचं मला त्या शेडमध्ये उभं राहून फार वाईट वाटलं. आमच्या थिनरमध्ये टोल्युईन होतं. त्याची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, मग चाकणच्या एप्रिलचं काय बोलावं! आणि ती हवेपेक्षा तिपटीने जड असते. वर निघून जात नाही, खाली बसते आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचते.

म्हणजे आठ किलो कुठे हरवले नव्हते. ते गाडीत होते, गोण्यांच्या भोवती, ताडपत्रीच्या खाली.

गाडी आमची नव्हती. वाहतूकदार ठरलेला होता, त्याच्याकडे मंडळाची परवानगी होती. गाडी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निळी रंगवलेली, मधून पांढरा पट्टा ओढलेली. ड्रायव्हरकडे धोकादायक माल वाहण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झाल्याची नोंद होती, ती मी स्वतः तपासली होती. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. चाकणहून शिक्रापूरमार्गे रांजणगाव पन्नास किलोमीटरच्या आसपास. फार तर दोन तासांचा रस्ता. मात्र गाडी शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडून निघाली होती आणि काट्यावर चढली सोमवारी दुपारी. हेही पिवळ्या आणि निळ्या प्रतीवर लिहिलेलं होतंच. तारखाही मी वाचल्या नव्हत्या.

पुढच्या खेपेला ड्रायव्हरकाका आले तेव्हा त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. मधले दोन दिवस गाडी कुठे होती, विचारलं. सुरुवातीला ते बोलेनात. मग म्हणाले, "मालक म्हणतो, गाडी भरल्याबिगर हलवायची नाय. शनिवारी आणिक दोन कंपन्यांचा माल घेतला, तरी भरंना. मग रविवार शिक्रापुराजवळ एका मोकळ्या प्लॉटात काढला."

"आणि झोपलात कुठे?"

"मी केबिनीत. पोरगं मागं."

पोरगं म्हणजे क्लीनर. एकोणीस वर्षांचा असेल. मी त्याला पाहिलं होतं. सडपातळ, गोण्या चढवताना गाणं म्हणायचा. तो मागे चिंध्यांच्या गोण्यांवर झोपायचा. गादीसारख्या मऊ लागतात आणि ताडपत्री ओढून घेतली की डास चावत नाहीत, असं काकांनी सांगितलं. मग ते जरा थांबले. "त्या रविवारी उठला तो झुलतच उठला, मॅडम. दोनदा ओकला. बोलताना जीभ जड. मला वाटलं, रातच्याला कुठूनतरी घेऊन आलाय. ऐन नोकरीच्या वेळंला दारू पितो म्हून मी त्याच्या एक कानाखाली दिली. तो म्हनत होता, काका, मी घेतली नाय, आईची आन."

टोल्युईन नाकातून गेलं की माणूस दारू प्यायल्यासारखाच दिसतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, बोलणं अडखळतं. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"तो आता कुठे आहे?"

"गेला गावाला. त्याच हप्त्यात गेला. मालकाकडं त्याचा फोन हाय, पर लागत नाय."

मी पुढे बरेच दिवस तो नंबर लावून पाहिला. लागला नाही. वाहतूकदाराकडे त्याचा पत्ता नव्हता. मॅनिफेस्टवर पाठवणाऱ्याची सही असते, वाहतूकदाराची असते, घेणाऱ्याची असते. क्लीनरच्या सहीला जागा नाही. सात रंगांच्या सात प्रती, आणि ज्याच्या अंगाखाली तो माल दोन रात्री होता त्याचं नाव एकाही प्रतीवर नाही. हे मला आजही डाचतं.

मी जबाबदारी कुणावर ढकलत नाही. मोटार वाहन नियमांत धोकादायक माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आधी येते, वाहतूकदाराची त्यानंतर. घातक कचऱ्याच्या नियमांतही बांधणी आणि लेबल आधी आमच्याकडूनच सुरू होतात. वाहतुकीतले धक्के, ऊन, पाऊस सहन करील अशा भांड्यात माल द्या, असं नियम म्हणतो. थिनरच्या चिंध्या मी सुतळीने शिवलेल्या गोण्यांतून देत होते, कारण गोण्या फुकट मिळायच्या. फॉर्म ९ चं ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं याचा कागद, मी प्रत्येक खेपेला काकांच्या हातात दिला होता आणि त्यांची सही घेतली होती. ते कार्ड इंग्रजीत होतं. काका दहावी झालेले, मराठी पेपर रोज वाचणारे. त्यांनी ते कार्ड नेमाने केबिनमध्ये ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, देवाच्या फोटोमागे. त्यात काय लिहिलं आहे हे त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

त्या रात्री मी ते कार्ड मराठीत लिहायला बसले. इंग्रजी मजकुराचं भाषांतर करायचा प्रयत्न केला तेव्हा ‘श्वसनमार्गाचा दाह’ वगैरे शब्द येऊ लागले. ते खोडले. मग काका समोर बसले आहेत असं धरून लिहिलं. ‘या गोण्यांतून, पिंपांतून जो वास येतो तो अंगाला बाधतो. मागे कुणी झोपायचं नाही, बसायचंही नाही. डोकं जड झालं, ओकारी आली, तोल गेला तर ती दारू नव्हे, वास चढला आहे. माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या, हे कार्ड डॉक्टरला दाखवा. गाडीजवळ विडी, काडी, स्टोव्ह नको. पिंपाचं झाकण सैल दिसलं तर गाडी हलवू नका, खालच्या नंबरवर फोन करा.’ आणि खाली माझा नंबर. दुसऱ्या दिवशी एक हिंदी प्रतही केली. इंग्रजी कार्ड नियमाप्रमाणे राहिलंच.

गोण्या बंद करायला मात्र तीन महिने गेले. वरून उघडणारी, रबरी गॅस्केट आणि लोखंडी रिंग लावून आवळता येणारी सहा पिंपं मी मागितली. "कचऱ्याला नवी पिंपं?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या खुर्च्यांवरून विचारला गेला. मी काट्याचे आकडे पुढे ठेवले. आठ किलो थिनर म्हणजे विकत घेतलेलं थिनर आहे, ते हवेत सोडायला आपण पैसे दिले आहेत, हे सांगितल्यावर हिशेबनीसांचा सूर जरा बदलला. त्या पोराबद्दल मी सांगितलं तेव्हा बैठकीत सगळे गप्प झाले. मंजुरी मात्र थिनरच्या किमतीवर मिळाली. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, पिंपं आली हे महत्त्वाचं.

पिंपं आल्यावर दुसराच गुंता पुढे आला. चिंध्या इतक्या ओल्या असायच्या की तळाशी थिनर साचायचं. झाकणबंद पिंपात मोकळं थिनर हिंदकळत नेणं गोण्यांपेक्षा बरं नव्हतं. अमेरिकेत २०१३ साली थिनरच्या चिंध्यांसाठी जो वेगळा नियम झाला त्यात झाकणबंद भांडं आणि त्यात सुटा द्रव नको, या दोन गोष्टींवर भर आहे. परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरने ते मला बोलता बोलता सांगितलं होतं. टूलरूमच्या फिटरने मग एक यंत्र बसवून दिलं. उसाच्या चरकासारखे दोन रूळ, हाताने फिरवायचे. खाली बंद टाकी, वर वाफ ओढणारा पंखा तोही ठिणगी न उडवणारा, आणि सगळ्याला अर्थिंगची तार. चिंध्या त्यातून पिळून निघतात. खाली जमलेल्या थिनरने गनची पहिली धुलाई होते. पहिल्या दिवशी टाकीत किती थिनर जमलं ते बघायला पेंट शॉपची अख्खी पाळी भोवती उभी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या पेंटरने मला हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे हे इतके दिवस आमच्या नाकात जात होतं?" मी हो म्हटलं.

तिन्ही चिंध्या वेगळ्या ठेवण्याचं काम सगळ्यात चिवट निघालं. लाल, निळ्या, हिरव्या पेट्या ठेवल्या तरी रात्रपाळीला सगळं एका पेटीत. एका मे महिन्यात रविवारच्या देखभालीला ऑफिसच्या दारांना पॉलिश करायला सुतार आला होता. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे त्याने जाताना जिन्याखालच्या पेटीत टाकले. संध्याकाळी सिक्युरिटीच्या दादांना धूर दिसला. काडी नाही, ठिणगी नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत सुकतं आणि सुकताना तापतं. बोळ्यांच्या ढिगात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि ढीग आपोआप पेटतो. प्रेसचं खनिज तेल असं सहसा तापत नाही. त्या दिवशी पाण्याची एक बादली पुरली. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत फेब्रुवारी १९९१ मध्ये बाविसाव्या मजल्यावर अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनी पेट घेतला आणि ती आग विझवताना तीन अग्निशामक जवान मेले. हे मी पुढे प्रत्येक सुताराला, प्रत्येक कंत्राटदाराला सांगत आले. आता असे बोळे पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात जातात आणि त्याच दिवशी शेडमध्ये येतात.

सगळ्यात अवघड नकार मात्र माणसांना द्यावा लागला. मी २००९ साली नोकरीला लागले तेव्हा दिवाळी जवळ आली की कामगार पिशवी घेऊन यायचे. "मॅडम, चार बोळे द्या ना बंबाला. एका काडीत पेटतो." तेलाचा बोळा आणि थोड्या शेंगांची टरफलं, की अभ्यंगस्नानाचं पाणी कढत. माझं बालपण कराडजवळच्या गावातलं. आमच्या परसात तांब्याचा बंब होता, वडील पहाटे तो पेटवायचे. तो धूर, ती ऊब मला माहीत आहे. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी बोळे दिले. एकदा आळंदी रस्त्याकडच्या वस्तीत गेले होते, तर एका घराच्या दाराशी आमच्याच रंगाने माखलेल्या चिंध्या वाळत घातलेल्या दिसल्या. आतमध्ये चुलीवर भाकरी भाजत होती एक बाई, शेजारी तिचं रांगतं लेकरू. चुलीत काय घातलंय ते वासावरून कळत होतं. त्या चिंध्या भंगारवाल्याकडून आल्या होत्या की एखाद्या कामगाराने दिल्या होत्या, मी विचारलं नाही. परत आल्यावर एकही बोळा बाहेर जाऊ दिला नाही. लोक नाराज झाले. एकाने तर म्हटलं, "तुम्ही ते जाळायला पैसे देता, आम्ही फुकट जाळतो, तर तेवढं चालत नाही?" त्याला उत्तर द्यायला मी त्याच्या घरी गेले. विल्हेवाट केंद्राच्या भट्टीत दुसऱ्या कक्षात ११०० अंशांवर धूर जळतो, त्यानंतर तो धुतला जातो, मग चिमणीतून बाहेर पडतो. तुमच्या बंबाची चिमणी थेट परसात उघडते, तिथे तुमची नातवंडं खेळतात. त्याच्या बायकोने मध्येच विचारलं, "मग ताई, जुनं लुगडं चालेल ना बंबाला?" मी म्हटलं, खुशाल चालेल.

आता शुक्रवारी दुपारनंतर आमच्या फाटकातून चिंध्यांची गाडी सुटत नाही. सोमवार ते गुरुवार, सकाळी, आणि त्याच दिवशी रांजणगावच्या काट्यावर. वाहतूकदाराच्या करारात हे लिहिलं आहे आणि तो दोनदा कुरकुरला. वजन आमच्या काट्यावर ड्रायव्हरसमोर होतं. निळी प्रत आली की मी आधी तारीख बघते, मग वजन. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला तर फोन करते. दर वर्षी ३० जूनच्या आत फॉर्म ४ चं वार्षिक विवरण भरायचं असतं. २०१८-१९ चं भरताना मी एप्रिलची ती खेप २१२ आणि २०४ अशी दोन्ही आकड्यांनी दाखवली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘८ किलो घट, वाहतुकीत थिनरची वाफ’. ते आकडे जुळवून घ्या, असं मला दोघांनी सुचवलं होतं.

काका निवृत्त झाले. नवीन ड्रायव्हर शिरूरकडचा आहे आणि त्याच्याबरोबर एक नवा क्लीनर येतो. परवा गाडी भरून मॅनिफेस्टवर सह्या झाल्या, फाटक उघडलं, तरी गाडी हलेना. मी खिडकीतून बघत होते. तो मुलगा खाली उतरून मागे गेला, पुन्हा पुढे आला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला. मग माझा फोन वाजला. "मॅडम, चार नंबरच्या पिंपाची रिंग सैल आहे. कार्डावर लिहिलंय गाडी हलवू नका. काय करू?"

मी पाना घेऊन खाली गेले.